समजूतदार पॅड

"परत लाव," ताई म्हणाली.

"चक्कर येते का? मळमळतंय?"

"परत लाव म्हणतो ना, केतू!"

केतकीने खेळ पुन्हा सुरू केला. पडद्यावर शेळीचं एक पांढरं करडू धावत आलं, लाल अळंबीवर त्याचे चारही पाय टेकले, अळंबी दबली आणि करडू टुणकन ढगांपर्यंत उडालं. समोरच्या खुर्चीत बसलेली केतकीची थोरली बहीण ऋजुता जागची हललीसुद्धा नव्हती. तिचे पाय जमिनीवर होते, कमरेला पट्टा होता, कानांमागे दोन चकत्या आणि हातात कंट्रोलर. पण करडू वर जाताना तिने श्वास रोखला, आणि ते खाली येऊ लागलं तेव्हा तो सोडला. तिच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं.

"वर गेलो मी," ती म्हणाली. "दोन वर्षांनी वर गेलो."

पुण्यात शिकताना केतकीची कोल्हापुरी मुलींसारखी 'मी येतो, मी जातो' म्हणायची सवय मोडली होती. ताईची मोडली नव्हती. केतकी ताईच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

ऋजुता चौगुले हे नाव कोल्हापुरातल्या पोहणाऱ्या मंडळींना चांगलं ठाऊक होतं. तीन मीटरच्या स्प्रिंगबोर्डवरून सूर मारण्यात तिने राज्याला सलग कितीतरी वर्षं पदकं मिळवून दिली होती, आणि नंतर त्याच तलावावर ती मुलांना शिकवू लागली होती. मग २०३६ साली तिच्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. त्या जंतूवर एकच औषध चालत होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या औषधाने जीव वाचेल, पण आतल्या कानाला इजा होऊ शकते. अठरा दिवसांनी ताई घरी आली ती जिवंत, आणि पलंगावरून उठताच भिंत धरून खाली बसली.

आपल्या कानाच्या आत तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत पाणी असतं आणि पाण्यात डोलणारे केस असलेल्या पेशी. डोकं वळलं की पाणी हलतं, केस वाकतात आणि मेंदूला बातमी जाते: डावीकडे वळलो, मान वर केली, खाली वाकलो. त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या वर गेलो की खाली आलो आणि गुरुत्व कुठल्या बाजूला आहे ते सांगतात. औषधाने ताईच्या या पेशी मेल्या होत्या, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. चालताना तिला दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं उड्या मारताना दिसायची. अंधार झाला की ती जिथे असेल तिथेच बसायची. आयुष्यभर हवेत गिरक्या घेतलेली बाई बाथरूमला जाताना दाराची चौकट चाचपत होती.

केतकीच्या कामाबद्दल कुणी विचारलं की ती सांगायची, "उड्या मारायच्या गाद्या बनवते." ते खरंच होतं. उद्यमनगरात एका जुन्या कारखान्याच्या माडीवर चौदा माणसांची खेळ बनवणारी कंपनी होती. तिची आणि तिचा वर्गमित्र बिलाल मुजावर याची. 'टुणुक' हा त्यांचा नवा खेळ, आणि त्यातले सगळे बाउन्स पॅड केतकीचे.

बाउन्स पॅड ही प्लॅटफॉर्म खेळांतली फार जुनी वस्तू. पात्र एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उडत जातं, आणि जिथे त्याची स्वतःची उडी पोचत नाही तिथे एखादी स्प्रिंग, अळंबी किंवा ताणलेली गादी ठेवलेली असते. सुरुवातीला हे पॅड मुके होते. पाय पडला की ठरलेल्या उंचीवर फेकायचं, बस्स. मग कुणीतरी त्यात वेळ आणली: पॅड दबलेला असतानाच बटण दाबलं तर दुप्पट उंच. मग तिरके पॅड आले, येणाऱ्याचा वेग राखून त्याला पुढे भिरकावणारे. मग आली दया. बोटभर चुकलं तरी पॅड गुपचूप खेळणाऱ्याला आपल्याकडे ओढून घेऊ लागला, आणि खेळणाऱ्याला वाटू लागलं, वा, काय नेम आहे आपला! केतकीला हा सगळा इतिहास पाठ होता. पॅडने उडवण्याआधी दबायला हवं, साधारण सेकंदाचा दहावा भाग. न दबता उडवलं तर ती उडी वाटत नाही, धक्का वाटतो. आणि माणसं पॅडवर परत परत जातात ती उंचीसाठी नव्हेच, तर अगदी माथ्यावर, वर जाणं संपून खाली येणं सुरू व्हायच्या आधी जो एक क्षण मिळतो त्याच्यासाठी.

तोलपट्टी आल्यावर तो क्षण अंगात आला. कानांमागच्या हाडावर दोन चकत्या बसवायच्या. त्यांतून अगदी सौम्य वीज जाते आणि तोल सांभाळणाऱ्या नसेशी थेट बोलते. शरीर खुर्चीत असतं, पण मेंदूला कळतं की आपण उडालो. खेळणाऱ्यांसाठी ती गंमत होती. केतकीच्या मनात मात्र वेगळंच आलं. ताईच्या पेशी मेल्या होत्या, नस जिवंत होती. पट्टी नसेशीच बोलत असेल तर पेशी हव्यात कशाला?

म्हणून तिने त्या दिवशी ताईला रिक्षात घालून आणलं होतं.

त्यानंतर ताई रोज दुपारी येऊ लागली. आधी केतकी आणायला जायची, मग रिक्षावाला ओळखीचा झाला. लाल अळंबीचा पॅड जुन्या पद्धतीचा होता, ठरलेला जोर आणि ठरलेली दिशा. ताई चुकायची, करडू दरीत पडायचं आणि ते पडणं तोलपट्टीतून ताईलाही जाणवायचं. ती चिडायची. स्वतःला अशा शिव्या द्यायची की बिलाल दार ओढून घ्यायचा.

"ताई, शेजारी वर्कशॉपमधली माणसं वर बघायला लागलीत," तो म्हणायचा.

"मग त्यांना पण बोलव. उडून बघू देत की!"

दीड महिन्यात एक गोष्ट घडली. ताई जिना चढून आली आणि म्हणाली, "खालच्या गॅरेजच्या पाटीवर 'पंक्चर'ला भलतीच वेलांटी दिलीय बघ." केतकी खाली जाऊन पाहून आली. पाटीवर 'पंक्चिर' लिहिलं होतं. वर आल्यावर तिच्या लक्षात आलं की ताईने ती पाटी चालता चालता वाचली होती. आनंदी आहे म्हणून सुधारतेय, असं केतकीने मनाशी ठरवलं, आणि आणखी खोलात ती गेली नाही. तिला तेव्हा दुसऱ्याच गोष्टीचा ध्यास लागला होता.

ती गोष्ट म्हणजे समजूतदार पॅड.

तोलपट्टीच्या चकत्या वीज देतात तशा ऐकूही शकतात. माणूस उडी मारायचं ठरवतो तेव्हा अंगठा बटण दाबण्याच्या आधी मानेचे स्नायू किंचित आवळतात, आणि ज्या बाजूला जायचं त्या बाजूचे जरा जास्त. केतकीने पॅडला हे ऐकायला शिकवलं. खेळणाऱ्याला कुठे जायचंय ते पॅडला आधीच कळायचं, आणि त्या क्षणात तो आपला ताण, आपला कोन, वेळ पडली तर आपली जागासुद्धा बदलायचा. तोलपट्टीतून जाणवणारी उडीही शरीराने जशी कल्पना केली तंतोतंत तशीच. अपेक्षा आणि अनुभव यांच्यात फटच उरत नव्हती. जुन्या खेळांतली दया इथे टोकाला पोचली होती, आणि ती कुणालाच दिसत नव्हती.

पहिल्या दिवशी बिलाल तासभर खेळला आणि पट्टी काढून म्हणाला, "केतकी, मी आयुष्यात इतका चांगला कधीच खेळलो नव्हतो."

"तू नाही खेळलास, पॅड खेळला."

"माहितीय. पण तसं वाटत नाही ना!"

ताईने त्यावर उडी मारली ती एका वेगळ्याच शांततेत. करडू वर गेलं, हवेत अडीच गिरक्या घेतल्या आणि दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या फळीवर अलगद उतरलं. ताईने पट्टी काढली नाही. 

"हा माझा बोर्ड आहे," ती म्हणाली. "तलावावरच्या बोर्डला माझी टाच माहीत होती. याला पण माहीत आहे."

केतकीने तिला पट्टी आणि खेळ घरी देऊन टाकला. बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीने खेळ पाहिला आणि दिवाळीत तो देशभर आणायचं कबूल केलं. पॅडवर खेळणारे सगळे अकरा परीक्षक एकच तक्रार करत होते, की थांबावंसं वाटत नाही.

बिलाल जिन्यात पडला तो गणपतीनंतरच्या आठवड्यात. मनगट मुरगळलं. "पायरी होती तिथे नव्हती," असं काहीतरी तो बडबडला आणि सगळे हसले. केतकीही हसली.

त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळी साडेनऊला तिला तलावावरून फोन आला. जीवरक्षक शामरावकाकांचा. ताई पंधरा वर्षांची असल्यापासून ते तिथे होते.

"बाळ, घाबरू नको. ऋजुता बरी हाय. पर तू ये."

ताई काठावरच्या बाकावर टॉवेल गुंडाळून बसली होती. पोहण्याचा जुना निळा पोशाख, ओले केस, निळसर ओठ. शामरावकाका शेजारी उभे होते, त्यांचे अंगातले कपडे पाण्याने निथळत होते. तलावातली पोरं बाहेर काढून भिंतीशी बसवली होती.

"मला वाटलं, हिला बरं वाटतंय," काका म्हणाले. "ताठ चालत आली की. शिडी पण नीट चढली. सूर तर काय मारला! मी टाळी वाजवली बघ. मग वरच येईना. खाली बघतो तर ही तळाला हात मारतीया."

पाण्यात डोळ्यांना धूसर दिसतं आणि पावलांखाली जमीन नसते. तिथे वर कुठे आणि खाली कुठे हे फक्त आतला कान सांगतो. ताईला तो नव्हता.

"मी वर पोहत होतो," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "जोरात पोहत होतो, केतू. हात फरशीला लागला तेव्हा कळलं."

"तू गेलीसच का? डॉक्टरांनी..."

"कारण मला येत होतं! महिनाभर मी एकदा पण चुकलो नव्हतो."

केतकीने तिला घरी नेलं, चहा करून दिला, शेजारच्या काकूंना बसवून ती सरळ ऑफिसात आली. तोलपट्टी खेळ सुरू करण्याआधी दर वेळी अर्धा मिनिट माणसाचं डोलणं मोजते. तिला स्वतःला जुळवून घ्यायला ते लागतं. या नोंदी कुणी कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. केतकीने ताईच्या उघडल्या.

पहिल्या दिवशीचं डोलणं भलतंच जास्त होतं. मग लाल अळंबीचे दीड महिने, आणि आलेखाची रेष उतरत गेलेली, हळूहळू, अडखळत, पण उतरत. समजूतदार पॅड आला त्या दिवसापासून ती वर चढू लागली होती. आता ती पहिल्या दिवसाच्याही वर होती.

तिला कळायला फार वेळ लागला नाही, आणि कळल्यावर खुर्चीत बसवेना. मेंदूच्या मागच्या बाजूला अनुमस्तिष्क नावाचा भाग असतो. प्रत्येक हालचालीआधी तो अंदाज बांधतो: इतका जोर लावला तर पाऊल तिथे पडेल. पाऊल थोडं पलीकडे पडलं की अंदाज आणि घडलेलं यांतला फरक त्याच्याकडे परत येतो, आणि त्या फरकावरच तो शिकतो. दुसरं काही त्याला शिकवू शकत नाही. लाल अळंबीने ताईला शेकडो वेळा पाडलं होतं. त्या प्रत्येक पडण्यातून तिचा मेंदू मेलेल्या पेशींचं काम डोळ्यांकडून आणि तळपायांकडून करून घ्यायला शिकत होता. समजूतदार पॅडने फरकच पुसून टाकला. प्रत्येक अंदाज बरोबर, प्रत्येक उडी अचूक. मग मेंदूने दुरुस्त्या करणं सोडून दिलं. पडद्यावरचं जग त्याच्याप्रमाणे वाकत होतं. जिना वाकत नव्हता, आणि पाणीही नाही.

तिने बाकी अकराही नोंदी काढल्या आणि बिलालला बोलावलं.

"सगळ्यांचं वाढलंय?" त्याने विचारलं.

"सगळ्यांचं. धडधाकट माणसांचं थोडं, पण सगळ्यांचं."

बिलाल मनगटावरच्या बँडेजशी चाळा करत उभा राहिला. "सूचना टाकू या. खेळल्यावर अर्धा तास जिना उतरू नका, गाडी चालवू नका..."

"अर्ध्या तासाचं नाहीये हे. ताईने मधे तीन दिवस खेळ बंद ठेवला होता. रेष बघ, खाली आलेली नाही."

"पुढच्या आठवड्यात खेळ बंगळुरूवाल्यांच्या हातात द्यायचाय, केतकी. चौदा माणसं आहेत आपली."

"माहीत आहे."

तो खिडकीशी गेला. खाली लेथ मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग तो पाठमोराच म्हणाला, "अम्मी खेळते घरी. मीच दिला तिला. गुडघ्यांमुळे बाहेर जाता येत नाही, म्हटलं तेवढाच विरंगुळा. परवापासून ती स्वयंपाकघरात भिंत धरून चालतेय." तो वळला. "मला वाटलं, वय झालं."

बिलालने फोन उचलला आणि बंगळुरूचा नंबर लावला. त्याने काहीही लपवलं नाही. पलीकडची बाई सभ्यपणे ऐकून घेत होती आणि सभ्यपणेच म्हणाली की समजूतदार पॅड नसेल तर त्यांना या खेळात रस नाही. दिवाळीपर्यंत कंपनीतली पाच माणसं दुसरीकडे गेली. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर बिलाल आधी घरी गेला होता, आईच्या कानांमागच्या चकत्या स्वतःच्या हाताने काढायला.

केतकीला हे ताईच्या बाबतीत इतकं सोपं गेलं नाही.

मंगळवार पेठेतल्या तळमजल्याच्या खोलीत ताई खिडकीशी बसली होती. तोलपट्टी तिच्या मांडीवर होती. केतकीने आलेख दाखवला, सगळं समजावून सांगितलं. ताईने मधे एकही प्रश्न विचारला नाही.

"म्हणजे तू हा घेऊन चाललीस," शेवटी ती म्हणाली.

"ताई, तो तुला आणखी पाडेल."

"आणि नसला तर? लाल अळंबी खेळून मी काय परत सूर मारणार आहे? खरं सांग."

"नाही."

"पोरांना शिकवणार आहे?"

"माहीत नाही. काठावरून कदाचित. चालशील बरी. आत्तापेक्षा बरी चालशील."

"बरी चालेन." ताई हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "केतू, तू कधी बोर्डवर उभी राहिली नाहीस. पाण्याला भ्यायचीस तू. तुला माहीतच नाही काय असतं ते. मला दिवसातून एक तास ते परत मिळालंय. त्या एका तासात मी आजारी नाही. बाकीचे तेवीस तास भिंत धरून काढायला मी तयार आहे. तू कोण मला नको म्हणणारी?"

"मी बनवलाय तो."

"मग? माझं डोकं पण तूच बनवलंस काय?"

येताना केतकीने ठरवलं होतं की पट्टीतून समजूतदार पॅड काढून टाकायचा, ताई रडली तरी. आता तिला दिसलं की तसं केलं तर तीही त्या पॅडसारखीच वागणार होती. ताईला काय हवं ते तिच्या आधी आपणच ओळखायचं, आणि तिला न विचारता जागा सरकवायची.

तिने लाल अळंबी पट्टीत परत घातली. समजूतदार पॅड तसाच ठेवला. पुसायचा असेल तर बटण कुठे आहे ते दाखवलं, आलेखाचा कागद टेबलावर ठेवला.

"तू ठरव," ती म्हणाली. "मला एकच सांग. तलावावर एकटी जाणार नाहीस."

ताईने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते केतकीला कळलं नाही.

अडीच महिने ताईचा फोन आला नाही. शेजारच्या काकू खुशाली कळवत. तेवढ्या दिवसांत केतकीने नवा पॅड बनवायला घेतला. तिला एकच गोष्ट सोडवायची होती: पडणाऱ्याची फसवणूक न करता त्याला कमी कसं लागेल? तिने पॅड रुंद केला, बाजेएवढा ऐसपैस, की नवशिक्याचा पाय कुठेही पडला तरी चालावं. पण तो सरकत नव्हता, ओढून घेत नव्हता. चार बोटं डावीकडे पडलात तर तो डावीकडेच उडवायचा आणि तोलपट्टीतून ते डावेपण अंगात स्पष्ट जाणवायचं. खेळणारा सुधारत गेला की पॅड अगदी हळू अरुंद व्हायचा, आणि अरुंद होतोय हे दिसायचंसुद्धा. "पॅड मोठा असू दे," ती उरलेल्या मंडळींना सांगायची, "खोटा नको." बिलालची अम्मी त्याची पहिली परीक्षक झाली. तिला करडू फारसं आवडायचं नाही, पण भिंत धरून चालणं सुटलं.

डिसेंबरातल्या एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत येणारी. केतकी उठून दाराशी गेली. ताई एकटीच बसने आली होती. कोपर खरचटलं होतं आणि ओढणीला धूळ लागली होती.

"पडलीस?"

"स्टॉपवर. एक पोरगी हात द्यायला आली, तिला म्हटलं राहू दे." ताईने खुर्ची ओढली आणि बसली. "आज सकाळी पुसला तुझा तो समजूतदार पॅड."

केतकी तिच्यासमोर खाली बसली.

"काल शेवटचा खेळलो. सगळ्यात उंच कड्यावरून. अडीच गिरक्या, पाणी न उडवता आत." ताई थांबली. "आणि वर असताना कळलं, की मी बरोबर केलं तरी तसंच होणार, चुकीचं केलं तरी तसंच. मग मुद्दाम वाकडी उडी मारून बघितली. पाय फाकवून, कशी तरी. तरी सरळ उतरलो." ती हाताच्या तळव्यांकडे बघत राहिली. "खऱ्या बोर्डवरून मी एकदा पाठीवर पडलो होतो, आठवडाभर उताणं झोपता येत नव्हतं. तो बोर्ड माझा होता. हा नाही. हा नुसतं हो म्हणतो."

"ताई, मी..."

"रडू नको. तू चांगल्यासाठीच केलंस. नवीन काय बनवलंयस ते लाव."

नवा पॅड तिला जमेना. पहिल्या उडीला करडू झाडावर आपटलं, दुसऱ्या उडीला दरीत. पाचव्या वेळी ताईने तोंडाला हात लावला, तिला खरंच मळमळत होतं. केतकीजवळच्या पडद्यावर पॅडची रुंदी वाढवायचं बटण होतं. तिचं बोट त्यावर गेलं.

"काय करालीस?"

"थोडा रुंद करते. सुरुवातीला बिलालच्या अम्मीला पण जड गेलं..."

"किती आहे आता?"

"चार फूट."

"अम्मींना कितीवर जमलं?"

"चार."

"मग चारच." ताईने तोंड पुसलं आणि कंट्रोलर उचलला. त्या दुपारी ती बरोबर दोनदा पॅडवर उतरली, तीही कडेकडेने. जाताना जिन्यात तिने कठडा घट्ट धरला होता.

'टुणुक' पुढच्या वर्षी आला, कुठल्याही मोठ्या कंपनीशिवाय. बऱ्याच जणांनी तो अवघड आहे म्हणून सोडून दिला. तोल गेलेल्या माणसांना व्यायाम शिकवणाऱ्या काही डॉक्टरांनी मात्र पत्रं लिहिली, आणि केतकीचा अर्धा वेळ त्यांना उत्तरं देण्यात जाऊ लागला. ताईची रेष उतरत राहिली. कधी आठवडाभर तिथेच अडायची, कधी सर्दीने परत वर जायची. पाण्यात ती कमरेपर्यंतच उतरायची, तेही शामरावकाका काठावर असताना. तिथे उभी राहून बोर्डवरच्या पोरांना टाच कुठे ठेवायची ते ओरडून सांगायची.

त्यानंतरच्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी दोघी रंकाळ्याच्या काठाने चालत होत्या. ताईला रस्त्याच्या फरशीवरून उतरून गवतातून चालायचं होतं. तिथे जमीन उंचसखल होती आणि धरायला काही नव्हतं. ती पुढे, केतकी दोन पावलं मागे. कोवळं ऊन दोघींच्या पाठीवर होतं. ताईचा पाय एका खड्ड्यात गेला, ती डावीकडे झुकली, हात पसरले, एक विचित्र गिरकी घेतली आणि सावरली. थांबली नाही. पुढचं पाऊल टाकलं, मग त्याच्या पुढचं.

"केतू," मागे न बघता ती म्हणाली.

"काय?"

"हात खाली घे. सावली दिसते मला तुझी."

केतकीने समोर पाहिलं. ताईच्या पुढ्यात, गवतावर, केतकीची लांबलचक सावली दोन्ही हात पसरून चालली होती. तिने हात खाली घेतले. ताई चालत राहिली.